उसने कागद, आपले चित्र

कात्री आणि खळ घेऊन बसलेल्या माणसाला आपल्याकडे अजून कोणी सहजासहजी कलावंत म्हणत नाही. हातात कुंचला असला की माणूस चित्रकार ठरतो, छिन्नी असली की शिल्पकार ठरतो, पण जुन्या मासिकांची पाने, कॅलेंडरे, जाहिराती आणि लग्नपत्रिका कापून, फाडून, एकावर एक चिकटवून कोणी चित्र उभे केले, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "छान आहे, पण यात तुझे काय?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पहिलीच्या वर्गापासून आपल्याला शिकवलेले असते की दुसऱ्याचे बघून काढू नये. त्यामुळे कोलाज म्हणजे हस्तव्यवसायाच्या तासाची करमणूक, अशी आपली समजूत पक्की झालेली आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात कोलाज ही स्वतंत्र स्पर्धा आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही त्या स्पर्धेला चित्रकलेच्या स्पर्धेचा मान आपण मनातून देत नाही.

"यात तुझे काय?" हा प्रश्न मला गैर वाटत नाही. तो विचारलाच पाहिजे. माझी तक्रार इतकीच आहे की त्याचे उत्तर आपण फार घाईने देऊन टाकतो. या लेखात मला ते सावकाश द्यायचे आहे. कारण माझ्या मते हा प्रश्न चित्रकलेपुरता राहत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या शिक्षणाशी आणि भाषेशी तो येऊन भिडतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. 'कोलाज' हा शब्द फ्रेंच भाषेतील चिकटवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा सरळ आपल्या चित्रात चिकटवला आणि भोवती दोरखंडाची चौकट लावली. त्याच वर्षी ब्राक याने भिंतीला लावण्याचा छापील कागद कापून रेखाचित्रात बसवला. दोघांनाही चित्र काढता येत नव्हते असे तर कोणी म्हणणार नाही! पुढे पहिले महायुद्ध संपले आणि जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचा कलावंत रस्त्यावरची तिकिटे, वेष्टने, फाटक्या जाहिराती गोळा करू लागला. एका बँकेच्या जाहिरातीतील 'कोमेर्त्स' या शब्दाचा त्याने तुकडा पाडला आणि उरलेल्या 'मेर्त्स' या अर्थहीन अक्षरांनाच आपल्या साऱ्या कलेचे नाव देऊन टाकले. युद्धात सगळे मोडून पडले होते. तेव्हा मोडक्यातूनच नवे करावे, हा त्यामागचा विचार होता. त्याच सुमारास बर्लिनमध्ये हाना होख या चित्रकर्तीने वृत्तपत्रांतील पुढाऱ्यांची, यंत्रांची आणि नर्तकींची छायाचित्रे कापून एक मोठे चित्र रचले. त्याच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख आहे. होखबाई आपल्याकडे जन्मल्या असत्या, तर त्या नावात विळी आली असती!

परंतु ही सारी मंडळी दूरची. त्यांची नावे घेऊन आपल्या मुद्द्याला वजन आणावे, असा माझा बेत नाही. माझे म्हणणे असे आहे की ही कला आपल्या घरी फार आधीपासून नांदते आहे. आपण तिला नाव दिले नाही, इतकेच.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. त्याच्या इतिहासात गिरगावाबरोबर आपल्या घाटकोपरचेही नाव घेतले जाते. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला घरोघरी पोहोचल्या. ज्याला तैलचित्र विकत घेणे सात जन्मांत शक्य नव्हते, त्याच्या भिंतीवरही देवीचे रंगीत चित्र आले. आता गंमत अशी की हे छापील चित्रसुद्धा थरांचेच असे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एका रंगावर दुसरा रंग, त्यावर तिसरा, असे करीत देवीचा चेहरा उजळत जाई. आणि चित्र घरी आल्यावर काय होई? घरातल्या बायका त्यावर जर लावत, टिकल्या शिवत, पातळाच्या जागी खऱ्या कापडाचा तुकडा बसवत. अशी सजवलेली चित्रे आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे जपून ठेवलेली आहेत. लक्ष्मी रविवर्म्यांची, छपाई कारखान्याची. पण पदराची जर मात्र घरच्या गृहिणीची. बाजारातून आलेल्या, हजारोंसारख्याच असलेल्या एका प्रतीला तिने आपली एकुलती एक प्रत करून टाकले. तिला कोणी विचारले नाही, "बाई, यात तुमचे काय?" विचारले असते तर तिने त्या जरीकडे बोट दाखवले असते.

याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या एका गृहस्थाने पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, हे आपण जाणतोच. दादासाहेब फाळक्यांनी चित्रे कापून जोडण्याची कला पडद्यावर नेली. चित्रपटाची फिल्म कापून पुन्हा जोडणाऱ्या संकलकाला आज आपण मानाने पारितोषिक देतो. मग कागद कापून जोडणाऱ्यालाच वेगळा न्याय का?

आता घाटकोपरचा उल्लेख आलाच आहे, तर आपल्याच उपनगरातील एका चित्रकाराकडे वळू. अतुल दोडिया यांचा जन्म १९५९ चा, घाटकोपरचा. ते सर जे. जे. कला महाविद्यालयातून १९८२ साली बाहेर पडले आणि घाटकोपरलाच राहून त्यांनी नाव मिळवले. त्यांच्या १९९४ च्या 'बॉम्बे बकनीअर' या चित्रात त्यांनी स्वतःला 'बाजीगर' चित्रपटाच्या जाहिरातीतील नायकाच्या थाटात रंगवले आहे. काळ्या चष्म्याच्या एका भिंगात इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी दिसतो आणि दुसऱ्यात भूपेन खख्खर. हे भूपेन खख्खरही मुंबईत जन्मलेले. १९६० नंतरच्या दशकात बाजारातील देवादिकांची छापील चित्रे कापून आपल्या चित्रांत चिकटवण्याचे धाडस त्यांनी केले होते. म्हणजे दोडियांनी जाहिरात उसनी घेतली, आणि आपण कोणाकोणाचे ऋणी आहोत हे त्याच चित्रातील चष्म्यात मांडून ठेवले. ऋण लपवायचे नाही, ते मिरवायचे, ही त्यातील वृत्ती मला फार मोलाची वाटते.

पुढे दोडियांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रे काढली. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधील महानगरांवरच्या मोठ्या प्रदर्शनात, मुंबईच्या विभागात ही शटरे लागली होती. दोडियांच्या शटरचित्रांपैकी 'महालक्ष्मी' या चित्राविषयी थोडे सविस्तर लिहिते. शटर खाली ओढलेले असते तेव्हा त्यावर कॅलेंडरातली, आपल्या रोजच्या ओळखीची लक्ष्मी दिसते. शटर वर सरकवले की आतल्या फलकावर गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. बापाला हुंडा द्यावा लागू नये म्हणून मरण पत्करलेल्या बहिणी. चित्रकाराने देवीविरुद्ध एक अक्षर लिहिलेले नाही, की हुंड्यावर भाषण दिलेले नाही. लक्ष्मीची प्रतिमा आधीची. बहिणींची बातमीही जगाने पाहिलेली. त्याने एक प्रतिमा दुसरीच्या मागे ठेवली, आणि मधे खडखडणारे शटर. घरच्या लेकीला 'लक्ष्मी' म्हणणारा आपला समाज त्या दोन चित्रांच्या मधल्या बोटभर जागेत उघडा पडतो. ही जागा पूर्वी कोणी दाखवली नव्हती, म्हणून ते चित्र नवे. "यात तुझे काय?" या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हेच आहे : दोन जुन्या गोष्टींमधले अंतर.

हे झाले चित्रांचे. अक्षरांचीही हीच कथा आहे. अक्षर वाचायचे की पाहायचे, हा प्रश्न ज्यांनी मराठीत आयुष्यभर विचारला, त्या र. कृ. जोशी यांची पुष्कळ वर्षे आपल्या शेजारी पवईला गेली. उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक असलेले हे कवी आणि सुलेखनकार १९८३ ते १९९६ या काळात पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत होते. कविता लिहिताना अक्षरांची मांडणी हाच कवितेचा भाग मानणारे आणि एकावर एक लिहिलेल्या अक्षरांतून चित्र उभे करणारे हे गृहस्थ २००८ साली वारले. संगणकावर विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. पुष्कळांनी आपले प्रकल्प त्याच अक्षरांत टंकलिखित केले असतील आणि कर्त्याचे नावही त्यांना ठाऊक नसेल. तसेच मुलुंडचे कमल शेडगे. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत नाटकाचे नाव असे रेखाटायचे की अक्षराच्या वळणातच नाटकाची जात कळावी, ही त्यांची हातोटी होती. २०२० मध्ये ते गेले. नाटक पाहायला पैसे नसलेल्या माणसानेही त्यांची अक्षरे फुकट पाहिली. कित्येकांनी ती कापून वहीत चिकटवली.

देवनागरी ही तर मुळातच जोडकामाची लिपी आहे. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवणारा जुळारी काना, मात्रा, वेलांटी, रफार असे वेगवेगळे खिळे उचलून एकेक अक्षर उभे करीत असे. शिरोरेघेखाली हे सारे तुकडे एका कुटुंबासारखे दिसतात. शिरोरेघ कापली की त्यांचे सुटेपण दिसू लागते. कोलाज करणारा जेव्हा 'महाराष्ट्र' या शब्दाचा ठळक मथळा मधोमध कापतो आणि अर्धा शब्द दुसऱ्याच बातमीवर चिकटवतो, तेव्हा तो जुळाऱ्याचेच काम उलट्या दिशेने करीत असतो. वाचणारा डोळा क्षणभर अडखळतो. रोज दहा मथळे न अडखळता वाचून विसरणाऱ्या आपल्या डोळ्यांना अशा अडखळण्याची गरज आहे, असे मला वाटते.

येथे थोडे घरचे सांगण्याची परवानगी घेते. माझे वडील साकीनाक्याच्या बाजूच्या एका औद्योगिक गाळ्यात ऑफसेट यंत्रावर मदतनीस आहेत. यंत्र सुरू करताना शाई आणि पाणी यांचा मेळ बसेपर्यंत, रंगावर रंग नेमका पडेपर्यंत बरेच कागद वाया जातात. चांगला कागद फुकट कसा घालवायचा? म्हणून तोच वाया गेलेला कागद पुढच्या कामाच्या वेळी पुन्हा यंत्रात घालतात, आणि त्याच्या पुढच्या कामालाही. अशा कागदावर खोकल्याच्या औषधाची माहिती, तिच्यावर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि तिच्यावर फरसाणाच्या डब्याचे झाकण, असे सारे एकत्र उमटते. वडील हे कागद घरी आणत आणि आई त्यांची आमच्या वह्यांना कव्हरे घालत असे. वर्गातल्या इतर मुलींच्या वह्यांना दुकानातले खाकी कागद असत. माझ्या इतिहासाच्या वहीवर गणपतीच्या सोंडेतून टायरची जाहिरात निघालेली असे. घरात पुस्तके नव्हती. कॉलेजचे तोंड पाहणारी मी घरातली पहिलीच. या कागदांवर मी वाचायला शिकले, असे म्हटले तरी चालेल.

पण म्हणून तो प्रत्येक कागद कलाकृती होता, असा दावा मी करणार नाही. यंत्राने एकावर एक छापले, त्यात यंत्राचा काही विचार नव्हता. शंभर कागद चाळल्यावर एखादाच असा निघे की ज्यात 'चि. सौ. कां.' ही अक्षरे नेमकी औषधाच्या 'दुष्परिणाम' या मथळ्याखाली आलेली असत. तो कागद मी वेगळा काढून ठेवी. कला सुरू झालीच असेल, तर ती त्या वेगळे काढण्यापासून. पॅरिसमध्ये झाक विलग्ले आणि रेमाँ हेंस हे दोन तरुण १९४९ पासून भिंतीवरच्या फाटलेल्या जाहिरातींचे थर जसेच्या तसे उतरवत आणि पुढे प्रदर्शनात मांडत, तेव्हा त्यांचे श्रेयही हेच होते. वाऱ्यापावसाने आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी फाडलेल्या त्या हजारो भिंतींतून त्यांनी एक चौकोन निवडला. निवड हे माझे दुसरे उत्तर.

आणि निवड नसली की काय होते, हेही आपण रोज पाहतो. आपल्या नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फलक लागतात. त्यांवर मध्यभागी मोठे साहेब, वर कोपऱ्यात त्यांहून मोठे साहेब, खाली रांगेने पन्नास कार्यकर्ते आणि मागे छत्रपतींपासून बाबासाहेबांपर्यंत सर्व महापुरुष, मागे वाघ, पुढे फुले! तंत्राने पाहिले तर हेही कोलाजच. परंतु त्यातील प्रत्येक चेहऱ्याचे आकारमान पदानुसार आधीच ठरलेले असते; कोणता चेहरा कोणाशेजारी आल्याने काय अर्थ होतो, हे कोणी पाहत नाही. जोतीराव फुले आणि विदेशी मद्याच्या दुकानाचा मालक एकाच ओळीत हसत असतात. कापणे-चिकटवणे आले म्हणजे कला आली नाही, याचा याहून मोठा पुरावा नको.

आता मूळ आक्षेपाकडे येते : ही चोरी नव्हे काय? कायद्याची बाजू आहे आणि ती मानलीच पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चित्रावरचा हक्क त्याचा व त्याच्या वारसांचा राहतो. रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांची लक्ष्मी आता सर्वांची. कालपरवाच्या छायाचित्रकाराचे तसे नाही. परंतु कायदा सांभाळला म्हणजे नीती सांभाळली, असे होत नाही. माझ्या मते येथे एक प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : आपण कोणाचे घेतो? आपल्याहून बलवानाचे की दुबळ्याचे?

उदाहरण देते. अंधेरी, गोरेगाव भागातल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर, पिशव्यांवर, चादरींवर आज वारली आकृत्या सर्रास दिसतात. काठ्यांसारखे हातपाय, तारप्याभोवतीचा फेर. मूळ वारली चित्र म्हणजे लग्नघरात सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक. त्यात पालघाट देवी असते आणि ते काढण्याला विधीचे स्थान असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. २०१४ मध्ये या कलेची भौगोलिक मानांकनात नोंदही झाली. तरीही भिंतीवरची ती आकृती कोणाची, असे उपाहारगृहाच्या मालकाला विचारा. तो अंतर्जालाकडे बोट दाखवील. याच गोरेगावात आरेच्या हद्दीत वारल्यांचे पाडे आहेत. आकृती भिंतीवर आणि माणूस दाराबाहेर, असा हा प्रकार. जाहिरातदाराचा मथळा कापून मी त्याला उलट प्रश्न विचारते, तेव्हा ते प्रत्युत्तर असते. ज्याचे नावही कोणी विचारत नाही अशा माणसाची आकृती मी शोभेसाठी कापते, तेव्हा ती लूट असते. कात्री दोन्हीकडे एकच. म्हणून कात्री धरणाऱ्याने आधी समोर कोण आहे ते पाहावे.

या विषयाला आज आणखी एक फाटा फुटला आहे. संगणकाला चार ओळी लिहून दिल्या की तो क्षणार्धात हवे ते चित्र तयार करून देतो. पुष्कळ मित्र म्हणतात, हेही कोलाजच. यंत्रानेही आधीची लाखो चित्रे पाहूनच हे बनवले. मला यात एक भेद दिसतो आणि तो सांगायला मला आमच्या माण तालुक्यातल्या गोधडीचा आधार घ्यावा लागतो. गोधडीत आजीचे लुगडे असते, आजोबांचे धोतर असते, कोणाचे परकर-पोलके असते. धावदोऱ्याने सगळे थर एकत्र येतात. पण टाका दिसतो आणि तुकडाही ओळखू येतो. थंडीत ती अंगावर घेतली की हा तुकडा कोणाचा, तो कोणाचा, असे बोट ठेवून सांगता येते. यंत्राच्या चित्रात टाकाच दिसत नाही. कोणाचे काय घेतले यावर कोणालाही बोट ठेवता येत नाही. खुद्द काढून घेणाऱ्यालाही नाही. यंत्र वापरू नये असे मी म्हणत नाही. तेही एक साधन आहे आणि आमची पिढी ते वापरणारच. परंतु ज्या चित्रात उसनवारी दिसते आणि ज्यात ती बुजवून टाकलेली असते, ती दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. कोलाजवर चोरीचा आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की उघड उघड उसने घेणारी अशी कला विरळाच. तिचे सारे सावकार तिच्या अंगावर दिसत असतात.

मी हा विषय इतक्या आग्रहाने का मांडते, ते आता सांगते. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना 'स्वतंत्र विचार मांडा' असे वारंवार सांगितले जाते. सांगणाऱ्या प्राध्यापकांविषयी मला आदरच आहे. पण ज्याच्या घरी दोन पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत, त्याचे स्वातंत्र्य आणि ज्याच्या घरी रद्दीतून आलेली तीन मासिके आहेत, त्याचे स्वातंत्र्य एकाच ठिकाणाहून सुरू होत नाही. मी घरात माणदेशी बोलते, गाडीत हिंदी, वर्गात पुस्तकी मराठी आणि वाचनालयात अडखळत इंग्रजी. माझ्या निबंधात या सगळ्यांचे तुकडे येतात. पूर्वी मला वाटे, हे तुकडे घासून गुळगुळीत केले म्हणजे मी शिकले. आता वाटते, जोड दिसू द्यावा. आजीचा शब्द ज्ञानेश्वरीच्या अभ्यासाशेजारी आला, तर दोहोंपैकी एकाचाही अपमान होत नाही. उलट दोघांनाही एकमेकांच्या उजेडात पाहता येते. ज्यांना वारसा आयता मिळत नाही, त्यांनी तो जिथे सापडेल तिथून वेचावा आणि स्वतः जोडावा. त्यात कमीपणा नाही.

म्हणून महाविद्यालयाला माझी एक विनंती आहे आणि ती अगदी लहान आहे. वार्षिक कलाप्रदर्शनात कोलाजला कोपऱ्यातले टेबल न देता भिंतीवर जागा मिळावी. ग्रंथालयातून दरवर्षी बाद होणारी मासिके रद्दीत जाण्यापूर्वी आठवडाभर विद्यार्थ्यांसाठी ठेवावीत. आणि प्रत्येक कोलाजखाली एक ऋणपत्रिका सक्तीची करावी : कोणते चित्र कोठून घेतले, कोणाचे होते, कर्ता ठाऊक नसेल तर निदान कागद कोठला. परीक्षकांनी कापण्याची सफाई पाहावीच. पण त्याआधी ही पत्रिका वाचावी आणि मग विचारावे, हे आणि ते शेजारी का आणलेस?

तसे झाले तर "यात तुझे काय?" या प्रश्नाला आम्ही बिचकणार नाही. निवड आमची, जोड आमचा, दोन कागदांमधले अंतर आमचे. आणि ज्यांचे घेतले, त्यांची नावे खाली लिहिलेली आहेत.

– द्वितीय वर्ष, कला